मुद्देमाल

मंगळवार बाजारात, जुने नळ आणि बिनदांड्याच्या इस्त्र्या यांच्या मधे
सोड्याच्या बाटल्या मांडल्यात. गोटीच्या.
पोरगा म्हणतो, इंग्रजाच्या काळातल्या साहेब.
जुन्या वस्तूला इंग्रज चिकटवला की शंभर रुपये वाढतात,
हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

मी गुडघे धरत खाली बसतो.
काचेच्या अंगावरून साच्याची शिवण वर चढते.
मानेशी थांबली, तर ओठ नंतर हाताने चढवलेला.
ओठावरूनही गेली, तर यंत्र.
बुडबुडे जास्त, रंग आडातल्या पाण्याचा, बूड जरासं तिरकं,
तर म्हातारी.
पण बाटली भट्टीतून एकदाच निघते
आणि पुढे तीस-चाळीस वर्षं विसळली जाते,
म्हणून खांद्यावरचा पांढुरका पट्टा बघायचा,
जिथे शेजारणीला घासून घासून काच आंधळी झाली.

मग अक्षरं.
इंग्रजीत गावाच्या नावात एच असेल तर जुनी.
अर्थात साचेवाला चिक्कू असला
की तोच एच आणखी वीस वर्षं चालवतो.

पेटी बरी. निदान खिळ्यांच्या बाबतीत खोटं बोलत नाही.
चोवीस खण, कडेला गंजकी पट्टी,
आणि काळ्या रंगात ठसा:
येमूल सोडा फॅक्टरी, साखर पेठ, फोन तीन आकडी.
तीन आणे खोडून खाली एकोणीस नवे पैसे,
नवे पण पुढे कुणीतरी खोडलंय.
बाटलीच्या पोटावर सहा औंस.

औंस हा माझा विषय.

सदुसष्टचा मे. वजनमापे खात्यात मी नवा, सव्विसाचा,
शर्टाला कडक इस्त्री.
मिलचा भोंगा नुकताच झालेला,
सुटलेली पाळी येमूलच्या दारात, पंचाने मान पुसत.
मी म्हटलं, औंस बंद झालेत.
नरसय्या म्हणाला, बाटली तीच की ओ साहेब, तहान पण तीच,
मिलिलिटरनं काय जास्त गार लागतंय होय?
कुणीतरी मागे हसलं.
हसलं म्हणूनच बहुतेक, मी पावतीपुस्तक काढलं.

दंड पंचवीस रुपये.
मुद्देमाल एक पेटी, सुतळी, लाख, पितळी शिक्का.
मी लिहीत होतो तेवढ्यात त्याने त्याच पेटीतली एक उचलली,
अंगठ्याने गोटी दाबली. फस्स.
लिंबू, मीठ, पेला पुढे.
माझ्या घशाला कोरड होती. मी प्यायलो.
रिकामी बाटली त्याने फळीवर ठेवली, परत पेटीत नाही,
आणि मी पंचनाम्यात लिहिलं: नग चोवीस.
दोन पंचांनी सही केली. दोघांच्या हातात सोडा होता.

पेटी सोडवायला तो कधी आला नाही.
पुढे माझी बदली लातूरला झाली,
मग मिल बंद, मग फॅक्टरीच्या जागी झेरॉक्स,
हे सगळं मी रिक्षातून जाता-येता पाहिलं, उतरलो नाही.

आता कोपऱ्यातल्या खणात बोट घालतो.
नखाएवढी लाल लाख, अजून चिवट.
पोरगा म्हणतो, एक कमी हाय, तेवढे पैसे धरू नका.
साल सांगता येईल का साहेब?

मी साल सांगितलं. तारीखही.
तो माझ्याकडे बघत राहिला,
आणि भाव दुप्पट केला.

मी घासाघीस केली, सवयीने. पन्नास रुपये उतरवले.

रिक्षा रेल्वे फाटकावरून जाताना
तेवीस गोट्या एकदम बोलल्या.
रिक्षावाल्याने आरशातून विचारलं,
मामा, काय घेऊन चाललाव?

मी पुन्हा मोजायला लागलो.